बाईंच्या टेबलावरचा फ्लॅट

बाई, तुमची तेरवी झाली, मांडव निघाला, पाहुणे आपापल्या गावाले गेले, अन् माह्या मनातला संशय काही गेला नाही. आंगणात बसून राह्यली. समोर तुमचं दार. तुमच्या पोरानं कुलूप लावलं अन् नागपूरले निघताना चाबी माह्या हातात देली. म्हणे, "काकू, तुमच्याच ध्यानात राह्यन." चाबी हातात आल्यावर पहिला विचार काय आला सांगू? आला का आता आत जाऊन पाहाव, या बाईनं तीस वर्षांत माहं काय काय लपवून ठेवलं. हासा. तुम्हाले तं माह्या संशयाचं हासूच येत होतं.

तेरवीले आलेल्या बाया म्हणून राह्यल्या होत्या, बाई लय सरळ होत्या, पोटात एक ओठात एक असं कधी नाही. मी तोंडात पदर धरून बसली, नाहीतं तिथंच बोलली असती. सरळ? तुमच्याइतकी आतल्या गाठीची बाई मी साऱ्या बोरी गावात पाह्यली नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलून राह्यली नाही, मी विचारून राह्यली. जित्तेपणी विचारलं तवा तुम्ही सांगतलं नाही, म्हणून आता विचारतो.

मी लग्न होऊन या घरात आली तो पहिला दिवस मले आठवते. सोनाराच्या गुलाबी कागदात माहं मंगळसूत्र आलतं. मंगळसूत्र माह्या गळ्यात पडलं अन् तो कागद कोनाड्यात राह्यला. सारे पंगतीत गुंतले होते. मी घुंगटातून पाह्यलं, तुम्ही, माही मोठी जाऊ, हळूच आल्या, कागद उचलला, चार घड्या घातल्या अन् पोलक्यात खोसला. नव्या नवरीच्या वस्तूले हात लावणारी बाई काय करन अन् काय नाही! पाठराखीण म्हणून आलेल्या मावशीले मी रात्रभर झोपू देलं नाही. म्हणलं, मावशी, मोठी जाऊ करणी करते का काय, पाह्य. मावशी म्हणे, "झोप वं, कागदावर काय करणी होते." भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या तवा तुमच्या आराशीत एक इवलं घर होतं अन् त्याच्या साऱ्या भिंती गुलाबी. तवा माहा जीव भांड्यात पडला. पण खरं सांगतो, पुरा पडला नाही.

तुम्ही काय जमवलं नाही, बाई? पेस्टची झाकणं, आगपेट्या, फुटक्या बांगड्या, पेनातल्या स्प्रिंगा, गोळ्यांची चांदीवाली पाकिटं, लग्नाच्या पत्रिका, घड्याळातले मेलेले सेल. बोरीच्या बाजारात तुमच्यासंगं जायची मले लाज वाटे. मी चार पावलं पुढं चालो, का हे बाई माह्यासंगं नाही असं लोकायले वाटावं. अन् तुम्ही मागून हाका मारा, "नंदा, थांब वं, हे बटण पाह्य, पुरी खुर्ची होते याची!" एकदा दारव्ह्याच्या डॉक्टरनं तुमच्या डोळ्यात थेंब टाकले. ते थेंब संपायच्या आधी बाटलीचं टोपण तुमच्या डब्यात. दिवाणाखाली बिस्किटांचे डबे, पलंगाखाली डबे, धान्याच्या कोठीवर डबे. माह्या घरातलं काही सापडलं नाही का मी पहिले तुमच्या दाराकडं पाहो. मिक्सरचं बटण गेलं, तवा मी तोंडावर विचारलं. तुम्ही म्हणलं, "माह्याकडं नाही, पण सापडलं तं मले दे." अशा बाईवर भरोसा कोण ठेवन?

आपल्याकडं महालक्ष्म्यांपुढं आरास करतात. साऱ्यांच्या घरी तेच ते. विहीर, मोट, बैलगाडी, तुळशीवृंदावन. तुम्हीही पहिले तेच करत होत्या. मंग एका वर्षी तुमच्या डोक्यात काय आलं कोणास ठाऊक, तुम्ही म्हणलं, देवीले कायले जुनंच जुनं दाखवाव, तिले आजचं पाहू द्या ना. त्या वर्षी तुम्ही मोबाईलचं दुकान केलं. मंग ब्युटी पार्लर, त्यात टिकल्यांच्या पाकिटाचे आरसे. मंग सरकारी दवाखान्याचा वॉर्ड, खाटेले सलाईन लटकवलेलं अन् एका खाटेवर दोन बाळंतिणी. हळदीकुंकवाले आलेल्या बाया हासून हासून बेजार. चिमूटभर कापसाच्या उश्या, तुराटीचे खाटेचे पाय, जुन्या मोबाईलच्या काचेचा टीव्ही. कळंबहून, दिग्रसहून लोक पाहायले येत. मी पंगती वाढो अन् सारे तुमच्या टेबलाभोवती.

ज्या वर्षी तुम्ही दारव्ह्याचं बसस्टँड केलं, त्या वर्षी माहं डोकं फिरलं. गाडीच्या दाराशी एक बाई होती, एक हात कमरेवर, दुसरा कंडक्टरच्या नाकाशी. लुगडं हिरवं, काठ जांभळा. तसं लुगडं साऱ्या बोरीत एकीकडंच होतं. बाया माह्याकडं पाहत अन् तोंडाले पदर लावत. रात्री मी विचारलं, "हे मी हाव काय?" तुम्ही कळंबच्या चिंतामणीची शपथ घेतली का नाही. अन् दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या हातात तुम्ही एक पिशवी देली, माह्या पिशवीसारखीच. तवापासून तुमच्या हरेक आराशीत मी पहिले स्वतःले पाहो. कुठं कोपऱ्यात मले बसवलं का, कोणाशी भांडायले लावलं का.

पण ते सारं हासण्यावारी गेलं. खरी गोष्ट आपल्या दोघींत अडकली ती माह्या पल्लवीवरून.

पल्लवीचे बाबा गेले तवा ती कॉलेजात होती. तुमचे धनी त्याच्या आधीच गेलते. एका आंगणात दोन रांडमुंड बाया अन् मधात एक पोरगी. ती पुण्याले नोकरीले गेली अन् तिथंच लग्न करून मोकळी झाली. पोरगा दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरचा. आईबाप शेती करतात, घरात गोरबोली बोलतात, पोरगा शिकलेला, निर्व्यसनी. हे मले कोणी सांगतलं? किराणावाल्यानं! तेल मोजता मोजता म्हणे, "काकू, अभिनंदन." जातीचं मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही, आलं. पण माहं दुखणं ते नव्हतं. किराणावाल्याले माहीत, शेजारणीले माहीत, मले नाही. पोरीचा फोन आला तवा मी म्हणलं, "आता कायले सांगतं? गावानं सांगतलं मले." अन् ठेवून देला. मंग ती करे, मी उचलो नाही. मंग तिनं करणं बंद केलं.

तिले मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं. मी गेली नाही. तुम्हीही गेल्या नाही. मले वाटलं, चला, बाकी काही असो, बाई माह्या बाजूनं राह्यली. त्या दिवशी मी तुमच्यासाठी मुद्दाम भरीत-भाकर केली, तुम्ही दोनदा मागून घेतलं. मी मनातून लय सुखावली. फसली मी.

कारण त्याच साली तुमच्या टेबलावर तो फ्लॅट उगवला. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या भिंती, आइस्क्रीमच्या काड्यांची फरशी, गोळ्यांच्या पाकिटाचं बेसिन, घड्याळाच्या सेलची शेगडी. हॉलमध्ये सोफा, सैपाकघरात ओटा, निळे पडदे, बेडरूममध्ये मोठा पलंग अन् त्याले चिकटून लहान पलंग. गॅलरीत कपडे वाळत घातलेले. मी विचारलं, "हे कोणाचं घर?"

तुम्ही म्हणलं, "वयख पाहू, कोणाचं हाय ते."

"मी काय ज्योतिषी हाव? सांगा ना."

"मनातलं हाय वं," म्हणलं तुम्ही अन् डिंकाच्या बोटानं कपाळावरचा केस मागं सारला.

मनातलं! जी बाई नागपूरच्या पुढं गेली नाही, तिच्या मनात सातव्या माळ्यावरचा फ्लॅट कुठून येते? सातवा माळा हे तुम्हीच एका बाईले सांगत होत्या, मी पंगतीत पत्रावळ मांडता मांडता ऐकलं. माहं डोकं लगेच चाललं. शेत अजून आपलं सामाईक. तुमचा पोरगा नागपुरात भाड्यानं राहते. म्हणलं, झालं, मायलेकाचं काही शिजून राह्यलं. पोरगा माहं शेत इकून फ्लॅट घेऊन राह्यला अन् माय इथं नकाशा बनवून राह्यली. अन् त्यात तुमच्या फोनवर गॅसवाल्याचे फोन! दुपारी जरा कुठं डोळा लागला का तुमचा फोन वाजे, तुम्ही पाहा अन् उठून मागच्या न्हाणीकडं जा. मी एकदा तुमचा फोन खाली पडला तवा पाह्यलं, नाव "गॅसवाला." एकट्या बाईले किती सिलेंडर लागते? म्हणलं, हा गॅसवाला नाही, हा फ्लॅटचा दलाल हाय.

मांगच्या भाद्रपदात तुम्ही हद्द केली. महालक्ष्म्या घरात आणताना आपण दोघी दोन मुखवटे घेऊन घरभर फिरवतो, खोली खोली दाखवतो, का बाई, हे तुहं सैपाकघर, हे देवघर, ही कापसाची खोली, इथं सुखानं राह्य. तीस वर्षं आपण दोघींनं ते केलं. त्या दिवशी साऱ्या खोल्या झाल्या अन् तुम्ही ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन टेबलाकडं वळल्या. कुंकवाची पावलं तुम्ही आधीच काढून ठेवली होती, फरशीवरून टेबलावर, टेबलावरून त्या फ्लॅटच्या दारालोक. शेवटची पावलं तं तांदळाएवढी. अन् तुम्ही देवीले म्हणलं, "हेही पाहून घे माय, हेही आपलंच घर."

माह्या हातात कनिष्ठा होती. "आपलंच? कोणाच्या बापाचं?" मी सणासुदीचं, देवीसमोर, तशी बोलली. "खेळण्यातलं घर देवीले दाखवून देवीले फसवता काय? मले फसवता ते काय कमी हाय?" तुम्ही माह्याकडं असं पाह्यलं जसं मी शाळेतली ढब्बू पोरगी हाव. म्हणलं, "नंदा, जवळ येऊन पाह्य तं खरं." मी गेली नाही. मी कनिष्ठेले जागेवर बसवलं अन् सैपाकघरात जाऊन आंबील घोटत बसली.

त्या दिवसापासून आपला अबोला. चहा मात्र बंद झाला नाही. रोज सकाळी तुम्ही तुमचा रिकामा कप घेऊन माह्या ओट्यावर बसत, मी भरो, तुम्ही पिऊन, कप इसळून, जात. तोंडातून शब्द नाही. मी मनात म्हणो, येऊ द्या कागद सहीले, मंग पाहतो. कागद काही आला नाही. मंग एका सकाळी तुम्ही चहाले आल्या नाही. मी चहा दोनदा गरम केला, मंग रागानं तरातरा आली तुमच्याकडं, का आता चहाचाही राग काय. दार लोटलेलं होतं. त्याच्या पुढचं मी सांगत नाही, तुम्हाले माहीत हाय.

तेरवीले पल्लवी आली. एकटीच, लेक नवऱ्याजवळ ठेवून, ट्रॅव्हल्सनं. आंगणात उभी राह्यली. वाळली होती. मी म्हणलं, "हातपाय धू." इतकंच. चार वर्षांनं माह्या तोंडातून पोरीसाठी इतकंच निघालं. ती हातपाय धुवून तडक तुमच्या खोलीत गेली. मी मागोमाग. रडायले नाही, खरं सांगतो, पाहायले, का ही तिथून काय उचलते.

तिनं टेबलावरचं मलमलचं फडकं काढलं. फ्लॅटकडं पाहत राह्यली. मंग दोन बोटांनं सैपाकघरातला फ्रिज उचलला, आगपेटीचा, पांढरा, अन् दाराजवळून काढून खिडकीच्या अंगाले ठेवला. अन् तुम्हाले हाक मारल्यासारखी आपल्याशीच म्हणली, "मोठाई, कितीदा सांगतलं तुले, फ्रिज इकडं नाही."

बाई, मले लगेच तुमचा गॅसवाला आठवला. तुमचा फोन खिडकीत चार्जिंगले लावलेला होता, तसाच, कोणी काढला नव्हता. मी तो घेतला अन् गॅसवाल्याले लावला. पल्लवीच्या पर्समध्ये वाजला.

ती वळली. आम्ही दोघी एकमेकींकडं पाहत राह्यलो अन् फोन वाजतच राह्यला.

"गॅसवाला?" मी म्हणली.

"मोठाईनंच ठेवलतं ते नाव. म्हणे, तुही आई माहा फोन पाहते."

"मी कायले पाहू कोणाचा फोन!" मी म्हणली. अन् ती हासली, बाई. डोळ्यातून पाणी चाललं होतं अन् हासली. मले तं चीड आली.

"काय बोलत होत्या तुम्ही दोघी? माह्याबद्दल काय सांगत होती ते?"

"घराचंच बोले सारं. ओट्यावर कपाट हाय काय, दार आत उघडते का बाहेर, पलंग कोणत्या भिंतीले. मी म्हणो, मोठाई, व्हिडिओ कॉल करतो ना, सारं दाखवतो. तं म्हणे नको. म्हणे, पोरीचं घर पहिले आईनं पाहाव. तुह्या आईच्या आधी मी पाह्यलं तं तिले कसं वाटन? तू तोंडानं सांग, मी बनवतो. बारशाले पण त्याच्याचसाठी नाही आली ते."

मी खाली बसली, तुमच्या त्या डब्यांजवळ.

"अन् हे पडदे?" पल्लवीनं बोटानं पडदा हालवला. "हे पाह्य ना आई. माहा शाळेचा युनिफॉर्म हाय. सोफ्यावरची रिबीन माही. गॅलरीतल्या दोरीले माह्या फ्रॉकचा खिसा वाळत घातला तिनं. मोठाईले वाटे, तू पाह्यलं का लगेच वयखशीन."

तो युनिफॉर्म मी भांडेवालीले देलता, स्टीलच्या एका गंजाच्या बदल्यात. मले आठवते, त्या दिवशी तुम्ही भांडेवालीच्या मागं फाटकालोक गेल्या अन् काखेत गाठोडं दाबून परत आल्या. मी विचारलं काय घेतलं, तुम्ही म्हणलं, काही नाही, चाळणी. चाळणी काही तुमच्या घरात दिसली नाही. इतकी वर्षं तो युनिफॉर्म तुमच्या बिस्किटाच्या डब्यात पडून होता. तवा कुठं होता फ्लॅट, कुठं होता जावई. कायच्यासाठी ठेवला होता तुम्ही?

आता मले सांगा, हे काय वागणं झालं? सांगायचं होतं तं तोंडानं सांगाव. "नंदा, पोरीचं घर हाय, ये पाह्य." संपलं. नाही, तुम्ही मले परीक्षेले बसवलं. अन् वर म्हणता वयख. कायवरून वयखाव मी? साऱ्या शाळेचे कपडे निळेच होते! मी विचारलं नाही काय? विचारलं. तुम्ही मनातलं म्हणलं. तुम्हाले वाटलं असन, सरळ सांगतलं तं ही बाई टेबलासकट घर आंगणात फेकन. फेकलं असतं. नक्कीच फेकलं असतं. पण तो माहा अन् माह्या पोरीचा प्रश्न होता, बाई. पुन्हा एकदा साऱ्यांच्या शेवटी मलेच माहीत झालं. किराणावाल्यानं केलं तेच तुम्ही केलं. याचं उत्तर मले पायजे होतं अन् उत्तर द्यायच्या आधी तुम्ही निघून गेल्या. भांडण अर्धं टाकून जाणं तुमचा स्वभावच होता, पण इतक्या लांब?

अन् आता जो खरा संशय हाय तो सांगतो. तेरवीपासून हाच मले खाऊन राह्यला. तुम्हाले पोरगी नव्हती. पल्लवी लहानपणी तुमच्याच मांडीवर निजे, तुमच्याच डब्यांत खेळे. मले वाटलं, बाईनं माह्या पडत्या काळात माही पोरगी आपली करून घेतली. आईशी बोलत नाही का, बोल माह्याशी. आईचा राग तुह्या कामाचा नाही का, ये माह्या पदराखाली. चार वर्षं तिचे ताप, तिचं बाळंतपण, तिच्या लेकीचे दात, सारं तुमच्या कानात गेलं. मी इथं चहा गाळत बसली अन् माह्या नातीचं रांगणं तुम्ही न्हाणीमागं उभं राहून ऐकलं. मले लय जळलं, बाई. तुम्ही गेल्याचं दुःख होतं का हे जळणं होतं, मलेच समजे ना.

पण मंग मले दुसरं समजते. घ्यायचीच असती तं तुम्ही पहिले तिचं घर पाह्यलं असतं. बटण दाबायचा अवकाश होता. तुमच्यासारखी बाई, जिले रस्त्यावरचं झाकण पाह्यल्याशिवाय राहवत नाही, जे परक्याच्या घरात गेली का पहिले कपाटावर नजर टाके, ते बाई चार वर्षं डोळे मिटून बसली. पोरीचं घर, पोरीची लेक, काहीच पाह्यलं नाही. माह्यासाठी जागा धरून बसली. गाडीत रुमाल टाकून बसतात तशी. मी येतच नव्हती, अन् तुम्ही उठतही नव्हत्या. इतकं कोणी कोणासाठी करते काय? सख्खी बहीण करत नाही. अन् मी तुम्हाले दलाल म्हणत होती. मनातल्या मनात म्हणलं, पण म्हणलं.

पल्लवी त्याच संध्याकाळी परत गेली. लेक घरभर पळते म्हणे, बापाले एकट्याले आवरत नाही. फाटकापाशी म्हणली, "आई, तू कवा येशीन?" मी म्हणलं, "पाहू." माहं हे "पाहू" तुम्हाले चांगलं माहीत हाय. माह्या "पाहू"त आजवर कोणाचं काही झालं नाही. ती गेली अन् मी आंगण झाडत बसली.

यंदा महालक्ष्म्या बसणार नाहीत. देवी येणार नाही, घर दाखवायचं नाही, आरास नाही. तुमचा पोरगा जाताना म्हणला, "काकू, आईचं ते सारं भंगार कोणाले द्यायचं असन तं द्या." मी म्हणलं, "भंगार म्हणशीन तं थोबाडीत देईन." तो घाबरला. तुमचाच पोरगा, पण तुमच्यावर गेला नाही.

आज जेवण झाल्यावर कुलूप काढलं. फडकं बाजूले केलं अन् पहिल्यांदा त्या घराच्या जवळ गेली. खुर्ची ओढून, चष्मा लावून, नाक लावून पाह्यलं. सैपाकघर आवरलेलं हाय, बरं वाटलं. हॉलमध्ये पसारा हाय, ते पल्लवीचंच. लहान पलंगावर तुम्ही मुगाएवढी उशी ठेवली. मंग मी गॅलरीत पाह्यलं. कठडा तुम्ही रिफिलींचा केला. उभ्या उभ्या रिफिली अन् दोन रिफिलींत ही एवढी फट. दाराशी हरभऱ्याएवढे दोन जोडे. सातवा माळा. चालणारी पोरगी. आता हे खरंच तसं हाय का तुमची चूक, हे कसं समजाव? ज्या बाईनं फ्रिज चुकीच्या भिंतीले ठेवला, तिच्या कठड्यावर भरोसा काय ठेवाव? अन् चूक नसली तं? पल्लवीले काही समजते काय, ती फोनात गुंगली का तिले जगाची शुद्ध राहत नाही.

मले बसवलं नाही. घरी गेली, चहाची गाळणी आणली. नवी होती. तुमच्या कैचीनं तिची जाळी कापली. कापता कापता बोटाले लागलं, तुमच्याच डब्यातली चिंधी बांधली. डिंक जास्त झाला, जाळी वाकडी बसली, एका कोपऱ्यात उचलली जाऊन राह्यली होती, तिथं मी अंगठा दाबून धरला. किती वेळ धरला माहीत नाही, बाहेर ऊन उतरलं तवा सोडला. लय ओबडधोबड झालं. तुम्ही पाह्यलं असतं तं काढून टाकलं असतं. पण आता त्या गॅलरीतून मुंगी खाली पडत नाही.

मंग मी माह्या फोननं त्याचा फोटो काढला. पल्लवीचा नंबर तुमच्या फोनातून पाहून पाहून माह्यात टाकला, तिच्या नावानं. फोटो पाठवला अन् खाली लिहिलं, लिहायले लय वेळ लागला, बोट दुखून राह्यलं होतं:

"गॅलरीले जाळी हाय का नाही ते लगेच सांग. नसन तं मी येऊन बसवतो. मी येईपर्यंत कोणाले बोलावू नको, जाळीवाले लोक मापात फसवतात. लेकीले तिकडं जाऊ देऊ नको. परवाच्या गाडीनं निघतो."

तिचं उत्तर यायच्या आधी मी फोन पालथा ठेवला. पोरीचं घर मी पहिले पाहून घेतो, बाई. मंग तुम्ही खुशाल पाहा.